खोकल्याची गोष्ट मंडळात सांगू नकोस

बनेद अल-गार, कुवेत
५ ऑक्टोबर २०२५

सौ. चारुशीलाबाईंना पलीकडच्या टेबलावरून जयदीपचा नमस्कार.

घोडं एकदाचं गंगेत न्हालं. आमच्या क्लिनिकचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांसाठी खेपा घालतो तो माणूस, काल दुपारी लॅबच्या दारात उभा राहून नुसता अंगठा दाखवून गेला. तुझा आणि लीनाचा फॅमिली व्हिसा मंजूर. फोनवर तुला सांगितलंच, पण फोनवर काय, आई शेजारी बसलेली, तू मला 'अहो' म्हणणार, आणि 'अहो'शी कोण मोकळं बोलणार? म्हणून हा मेल. तूही लिहूनच उत्तर दे, लॅबमध्ये 'अरे जयदीप' म्हणायचीस तसं.

जागा घेतली. तिसरा मजला, दोन खोल्या. खिडकीतून मान बाहेर काढली की समुद्र दिसतो, आत घेतली की समोरच्या बिल्डिंगचे एसी. लीनासाठी पलंग आणलाय. पाण्याची टाकी उन्हाने तापते आणि नळाला गरम पाणी येतं, त्याची मला काळजी लागली आहे. शाळेची लागली आहे. तुला इथे करमेल का त्याची लागली आहे. चार वर्षं एका खोलीत तिघांबरोबर राहिलो तेव्हा शांत झोपायचो, आता स्वतःच्या घरात टक्क जागा असतो. इथले नियम आज एक, उद्या दुसरे. हा व्हिसा मिळेमिळेपर्यंत दोनदा दार बंद झालं होतं, ठाऊक आहे ना? म्हणून व्हिसाच्या शिक्क्यासाठी लागणारी मुंबईची मेडिकल लवकर उरकून घे. रक्त, लघवी, छातीचा एक्सरे, बस. ज्या बाईने अर्ध्या मिरजेचं रक्त तपासलं तिला ते काय तपासणार.

आता दुसरं काम. चौदा नोव्हेंबरला, शुक्रवारी, इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे. आमच्या क्लिनिकच्या नर्स अबोलीताई त्यात पुढे असतात. त्यांनी एक नवीन काढलंय: एकाच ठिकाणी नोकरी करून मग लग्न केलेल्या जोडप्यांनी स्टेजवर येऊन लग्नाआधीच्या गमती सांगायच्या. तोवर तुम्ही दोघी पोचाल असं धरून मी आपलं नाव देऊन टाकलं. तुला आठवेल ते लिहून पाठव, मी जोडून घेतो. आपला हुकमी एक्का तर ठरलेलाच, खोकला.

सुरुवात मी अशी करणार. मिरजेच्या हॉस्पिटलची मागची लॅब, टीबीची. दोन टेबलं, एक खिडकी. मी आत आलो की चारुशीला खोकणार. दुसरं कोणी आलं तर नाही, मी आलो की हमखास. आमचे अटेंडंट मोरेश्वरमामा बाहेर बाकावरच्या पेशंटना सांगायचे, "बसा निवांत, आत खोकला सुरू झालाय, म्हणजे साहेब आलेत, आता रिपोर्टला वेळ लागणार." सगळं हॉस्पिटल त्याला सिग्नल म्हणायचं. शेवटी मी धीर करून तुला कँटीनच्या मागे गाठलं आणि विचारलं, "तू मलाच बघून खोकतेस ना? मी घरी बोलू का?" आणि तू एक शब्द न बोलता खोकलीस. इथे टाळ्या.

लवकर लिही. आणि मेडिकलची तारीख कळव.

तुझा
जयदीप


मिरज
११ ऑक्टोबर

अरे जयदीप,

जिन्यात बसून लिहितेय. आत लीना सगळी खेळणी पिशवीत भरते आणि आई ती परत काढून जागेवर ठेवतात, असं सकाळपासून चाललंय. आईंनी गल्लीत प्रत्येकाला सांगितलंय की सून कुवेतला चालली. आपल्या पाठीमागे त्या भाऊजींकडे सांगलीला राहणार. लाडू करायला घेतलेत, पण बोलत नाहीत फारसं. मला त्यांची काळजी वाटते, आणि काळजी वाटते म्हटलं की त्या रागावतात.

मेडिकल सोळा तारखेला आहे. तासगावहून आबा सोबत येणार आहेत. काही नाही होणार, पण सकाळपासून कागदांची फाइल दोनदा लावून झाली.

आता तुझा कार्यक्रम. खोकल्याची गोष्ट मंडळात सांगू नकोस. एक तर ती तुला वाटते तशी नाहीच. तू टेबलाशी बसलास की पहिलं काम काय करायचास? स्लाइडवर लाल रंग ओतून खाली स्पिरिटची ज्योत फिरवायचास. सगळ्या जगाचा नियम, वाफ दिसली की थांबायचं. तुझा नियम, चहासारखी उकळी फुटली पाहिजे. त्या रंगात फिनॉल, खिडकी बंद, कारण वाऱ्याने साहेबांची ज्योत विझते. मी खोकणार नाही तर काय लावणी म्हणणार? मोरेश्वरमामांना वाटलं प्रेम, तुला वाटलं प्रेम. मी म्हटलं वाटू दे.

कँटीनमागचं मात्र सांगणार नाही. तो माझा खाजगी मामला.

तुला गंमतच हवी असेल तर माझ्या माहेरची, तासगावची घे. आबांना प्रेमविवाह म्हटला असता तर घरातून बाहेर काढलं असतं मला, म्हणून तू काकांकरवी रीतसर स्थळ पाठवलंस आणि आपण दोघं जन्मात न भेटल्यासारखे पोह्यांच्या कार्यक्रमाला बसलो. तू मला "आपलं शिक्षण?" असं विचारलंस. मी हसू दाबताना ओठ चावला होता. मग मी पोह्यांची बशी पुढे केली आणि तू ती घेतलीस, आणि आत्याची नजर आपल्या हातांवर गेली. माझी तीन बोटं लालगुलाबी, तुझीही तीच तीन बोटं, तेवढीच गुलाबी. आत्या म्हणाली, "मुलाच्या हाताला काय झालंय?" तू तोंडात पोहे ठेवून म्हणालास, "बीट कापत होतो." झालं. कारण मीही सकाळी घरी तेच सांगून बसले होते. लॅबबाहेर आपण सगळेच बीट सांगायचो ना? टीबीच्या लॅबमधला रंग म्हटलं तर आपल्या हातचा चहा कोण प्यायलं असतं? आत्याने बशीत बघितलं. "पोह्यात तर बीट दिसत नाही," म्हणाली. आबांनी चष्मा काढून पुसला आणि तुला शांतपणे विचारलं, "लॅब एकच का?"

ही सांग. हिच्यात कुणाचं काही जात नाही.

चारुशीला


बनेद अल-गार
२४ ऑक्टोबर

प्रिय चारू,

दिवाळी गेली. लीनाचा फुलबाजी धरलेला फोटो पोचला. इथे फटाके नाहीत. लक्ष्मीपूजनाला अबोलीताईंकडे जेवलो, चकली चांगली होती.

तू फोनवर "झाली मेडिकल" एवढंच म्हणालीस, मीही पुढे विचारलं नाही, आई होती. असू दे. मला आता वाटतंय की फार घाई करण्यात अर्थ नाही. घराला अजून रंगाचा वास येतो. थंडीत इथे धूळही असते. वेळ लागला तर लागू दे, मनाला लावून घेऊ नकोस. मंडळालाही खोकल्याची गोष्ट देत नाही, तुझी बिटाची देऊ. किंवा काहीच नको देऊया. बघू.

जुन्या गमती आठवत बसलो होतो, त्यावरून काही विचारायचं होतं. त्या वर्षी तू किती बारीक झाली होतीस, आठवतं? ॲप्रन अंगावर लोंबायचा. मामा म्हणायचे, "प्रेमाने माणूस वाळतं." ते वाळणं दिवाळीआधी सुरू झालं होतं की नंतर? आणि संध्याकाळी तू कधी कधी शाल घेऊन बसायचीस, मी चिडवायचो की मिरजेत काश्मीर आलं. अंगात कणकण असायची का तेव्हा? रात्री घाम वगैरे? तुमच्या होस्टेलच्या खोलीत अजून कुणाला खोकला होता का?

सहज विचारतोय. कार्यक्रमासाठी.

लीनाचं वजन किती आहे सध्या? जेवते ना नीट?

जयदीप


मिरज
२ नोव्हेंबर

जयदीप,

तुझा मेल मी तीनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं तुला आम्ही नको आहोत. चार वर्षं एकटं राहायची सवय झाली, आता ऐनवेळी जिवावर आलंय, म्हणून रंगाचा वास आणि धूळ. दोन दिवस मी तुझ्यावर मनातल्या मनात इतकी चिडले होते की आईंनी विचारलं, भांडलात का. फोन उचलला नाही तो त्यामुळे.

मग काल भांडी घासताना एकदम डोक्यात आलं. वजन कधीपासून उतरलं? संध्याकाळी कणकण? रात्री घाम? घरात आणखी कुणाला खोकला? हे तर आपण रोज त्या बाकावरच्या पेशंटना विचारायचो, ह्याच क्रमाने. तू गमती विचारत नाहीस. तू माझा केसपेपर भरतोयस.

म्हणजे तुला कळलंय. कसं कळलं ते तूच सांग.

हो, मी अनफिट आहे. एक्सरेत उजवीकडे वर जुना डाग आहे. त्या सेंटरच्या बाईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "टीबी झाला होता का कधी?" मी म्हटलं, नाही, मी टीबीच्या लॅबमध्ये कामाला होते. तिने खुर्ची थोडी मागे घेतली. मी किती वर्षं बीट बीट म्हणत हसत आले, त्या दिवशी कळलं की कशाला म्हणत होते. आबा बाहेर बसले होते. त्यांना सांगितलं, रिपोर्ट ऑनलाइन येणार आहे. मिरजेपर्यंत आम्ही दोघं बसच्या खिडकीतून बाहेर बघत आलो.

तुला सांगितलं नाही कारण तू पलंग आणला होतास. आणि आईंनी गल्लीभर सांगितलंय. आता "का नाही गेली?" म्हणून विचारलं तर काय सांगू? डाग जुना आहे, बरा झालेला आहे, हे गल्लीला कोण समजावणार? ते टीबी एवढंच ऐकणार, आणि लीनाबरोबर कोणी खेळायला येणार नाही.

मी दुसऱ्याच दिवशी आपल्या लॅबमध्ये गेले. त्याच बाकावर बसले, पेशंट म्हणून. मोरेश्वरमामा अजून आहेत, केस सगळे पांढरे झालेत. मला बघून आनंदाने पुढे आले आणि हातातली थुंकीची डबी बघून थांबले. डबी घेतली, झाकण घट्ट आहे का ते बघितलं, आणि मग माझ्यासमोर खाली बसून रडायला लागले. "बाई, मी हसवत होतो हो लोकांना," म्हणाले. मला त्यांची समजूत काढावी लागली. तेव्हा कुणाला काय माहीत होतं? आपण दिवसभर तेच शोधत होतो आणि दोन हातांवर बसलेल्या माणसात ते कुणाला दिसलं नाही. मलाही नाही.

माझी थुंकी तपासायला गेली आहे. मुद्दाम सीटी स्कॅनही सांगितलाय. डॉक्टर म्हणतात, आपोआप भरून आलेलं दिसतंय. पण लीनाचीही तपासणी करायला सांगितली आहे, कारण कुणी छातीठोक सांगू शकत नाही की ते पूर्ण झोपलेलं होतं. तिचा एक्सरे काढला, टीबीच्या चाचणीसाठी हाताला टोचलं. ती म्हणाली, "मम्मा, मी फोटो काढताना हसू की नको?" जयदीप, मी तिला पाच वर्षं कुशीत घेऊन झोपवलंय. मला रात्री झोप येत नाही. तिच्या श्वासाकडे कान लावून पडते. ती शिंकली तरी उठून दिवा लावते.

आणि तुझी आवडती गोष्ट मोडली. तू नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलास की ही माझ्यासाठी खोकायची. ना तुझ्यासाठी, ना तुझ्या ज्योतीमुळे. खोकला दिवसभर असायचा, मोजला जायचा तो तू आलास की; टीबी होता, एवढंच होतं ते.

चारुशीला


बनेद अल-गार
४ नोव्हेंबर

चारू,

खरं आहे. मेडिकलच्या दोन दिवसांनी मी त्यांच्या रिपोर्टच्या साइटवर तुझा पासपोर्ट नंबर टाकला. मला राहवेना. लॅबमध्ये मशीन चालू होती, पाच पेशंट थांबलेले, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत 'अनफिट' आलं. कारण दिलेलं नव्हतं, पण मला कारण विचारायची गरज नव्हती. एका सेकंदात तुझा ॲप्रन, शाल, खोकला, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. ज्या गोष्टीवर मी शंभर वेळा टाळ्या घेतल्या तीच. मग तू सांगशील म्हणून वाट बघत बसलो. तू सांगेनास. मला वाटलं तुला माझ्यासमोर कमीपणा वाटतोय, म्हणून घाई नको वगैरे लिहिलं. तू त्याचा अर्थ असा घेशील हे माझ्या टाळक्यात आलं नाही. तुम्ही नको असाल तर मला हवं तरी कोण आहे?

आमच्या क्लिनिकचा एक्सरेवाला जहीर, दापोलीचा, त्याला मी सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्याने आधी मला उभं करून माझा एक्सरे काढला. साफ आहे. मला जरा बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटली. मग तो म्हणाला, "जयदीपभाई, माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं. तीन सेंटर फिरला, मोठ्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं. डॉक्टर बरा म्हणतो, पण एक्सरेत डाग दिसतोच ना. आणि तो दिसतो तोवर आखाताचं दार उघडत नाही. तुम्ही उगाच तिला फिरवू नका." मी त्याच्यावर चिडलो. दोन दिवस बोललो नाही. त्याचा काय दोष? तो रोज माझ्यासाठी डबा आणतो.

लीनाचा रिपोर्ट कधी? माझं कामात लक्ष नाही. काल एका पेशंटची ट्यूब चुकीच्या रॅकमध्ये ठेवली, अबोलीताईंनी पकडलं म्हणून निभावलं. मला हे काम वीस वर्षांचा असल्यापासून येतं, असं कधी झालं नव्हतं. त्यांना मी मंडळातून आपलं नाव काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "का, बायको लाजते का?" मी हो म्हटलं.

मी इथे काय करू ते तूच सांग. नोकरी सोडून आलो तर तू जन्मभर म्हणशील, माझ्या छातीपायी तुझं करिअर गेलं. नाही आलो तर लीना मोठी होईल आणि मी फोनमधूनच बघेन. घरमालकाला दोन महिन्यांचं भाडं दिलंय, ते जाऊ दे. राजीनामा लिहून ठेवलाय, पण पाठवत नाही. मला निर्णय घ्यायची भीती वाटते. तुझ्या मनात काय आहे ते मला आता ओळखता येत नाही, इतकी वर्षं येतं असं वाटायचं.

आणि एक विचारतो, राग येऊ देऊ नकोस. तो सिग्नल नव्हता, धूरही नव्हता, तर कँटीनच्या मागे तू खोकलीस ते काय होतं? तुला तेव्हा हो म्हणायचं होतं का? की मीच धरून चाललो?

जयदीप


मिरज
१२ नोव्हेंबर

जयदीप,

लीनाचा रिपोर्ट आला. साफ. टोचलेल्या जागी काहीही नाही, एक्सरे स्वच्छ. आधी हे वाच, श्वास घे, मग पुढे वाच. माझीही थुंकी निगेटिव्ह आली. सीटीत जुनाच व्रण आहे, चालू काही नाही, औषध नाही, फक्त सहा महिन्यांनी दाखवायचं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. लीनाने सगळ्यांना सांगितलं, माझी मम्मा पास झाली म्हणून रडते.

आईंना मी सांगून टाकलं. डाग, टीबी, व्हिसा, सगळं. त्यांनी उठून गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीला होता. तिला गोठ्यात निजवायचे." मला हे नऊ वर्षांत माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी माझ्याच ताटात वाढून घेतलं आणि जेवल्या. गल्लीत कुणी विचारलं तर त्याच उत्तर देणार आहेत म्हणे, मी तोंड उघडायचं नाही.

आता तुझा प्रश्न. कँटीनमागे मला हो म्हणायचं होतं. आदल्या दिवसापासून तू काहीतरी बोलणार हे सगळ्या लॅबला दिसत होतं. मी वाक्य पाठ करून आले होते, चांगलं लांबलचक वाक्य होतं. तू विचारलंस आणि भीतीने घसा कोरडा पडला, शब्दाच्या जागी खोकला आला. तो थांबेपर्यंत तू हसत मामांना सांगायला पळालाही होतास. मी म्हटलं बरं झालं, बोलायचं वाचलं. तेव्हा तुझा अंदाज बरोबर होता.

पण नंतर तीच सवय लागली आपल्याला. मी गप्प राहायचं आणि तू ओळखायचं. बऱ्याच वेळा तू बरोबरही ओळखलंस. चार वर्षांपूर्वी कुवेतचं पत्र आलं तेव्हा तू ह्याच जिन्यात मला विचारलंस, "जाऊ ना?" लीना माझ्या खांद्यावर झोपली होती. मी काही बोलले नाही. तू ते हो धरलंस आणि बॅग भरायला गेलास.

ते हो नव्हतं, जयदीप.

मला तेव्हा नको म्हणायचं होतं. घरी सगळे पेढे आणायला निघाले होते, मला जमलं नाही. आणि आता तू परत मलाच विचारतोयस, तुझ्या मनात काय आहे. ओळखायला जाऊ नकोस. मी लिहूनच देते.

तिकडची नोकरी सुटेल. इथे मिळेल ती निम्म्या पगाराची असेल, नाही तर त्याहून कमी. भाऊजी म्हणतील वेड लागलंय, आबा काही म्हणणार नाहीत पण चष्मा पुसतील. मी कदाचित एखाद दिवशी रागाच्या भरात तुला बोलेनही, तेव्हा तूही मला बोल. हे सगळं मी डोळ्यांसमोर धरून लिहितेय, आणि कुणासाठी नाही, लीनासाठीसुद्धा नाही, माझ्यासाठी लिहितेय.

तो राजीनामा पाठव. घरी ये. मला तू इथे हवा आहेस.

चारुशीला